कुणी उतरत नाही असं बंदर

पाण्यावरचे रस्ते : लेखांक ६

हेलसिंकीहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आसपास स्टॉकहोमला लागते. मध्ये, पहाटे चारच्या सुमाराला, ती मारियेहाम्न नावाच्या लहानशा बंदराला टेकते. उतारू गाढ झोपेत. उतरणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. थोड्याच वेळात दोर सुटतात आणि बोट पुन्हा चालू लागते. आपल्या जुन्या कोकण बोटीही रात्रीबेरात्री बंदरं घेत जायच्या, पण तिथे ट्रंका-बोचकी सावरत पडावात उतरणारी माणसं असायची. इथे जवळजवळ कुणी उतरतच नाही, मग बोट थांबते कशाला?

करासाठी! मारियेहाम्न ही ओलांड बेटांची राजधानी. बेटं फिनलंडची, भाषा स्वीडिश, कारभार बराचसा स्वायत्त. १९९५ साली फिनलंड युरोपीय संघात गेला, तेव्हा ओलांडने करांपुरतं संघाबाहेर राहण्याची मुभा पदरात पाडून घेतली. पुढे १ जुलै १९९९ पासून संघातल्या संघात प्रवास करणाऱ्यांना करमुक्त माल विकणं बंद झालं. ओलांडला शिवून जाणाऱ्या बोटींवर मात्र ते चालू राहिलं. फिनलंड आणि स्वीडन दोन्हीकडे दारूवरचा कर जबर, आणि कडक दारू घ्यायची तर सरकारी दुकानच गाठावं लागतं. म्हणून तर सकाळी धक्क्यावर बिअरचे खोके ढकलगाडीला बांधून निघालेले आजी-आजोबा दिसतात.

तिकीट बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त असतं. कमाई होते ती दुकानावर, जेवणावर आणि बारवर. फिनलंडमध्ये हिला ‘स्वीडनची बोट’ म्हणतात, स्वीडनमध्ये ‘फिनलंडची बोट’. गंमत अशी, की यातल्या अनेक उतारूंना ना स्वीडनला जायचं असतं ना फिनलंडला. दिवसभर पलीकडच्या शहरात भटकून ते संध्याकाळी त्याच बोटीने परततात. सॉना, कॅरिओकी, नाचाचा मजला हेच त्यांचं मुक्कामाचं ठिकाण.

आणि बुफे! हेरिंगचेच पाच-सहा प्रकार, मीठ-साखरेत मुरवलेला सामन, कोळंबीची रास. बिअर आणि वाइनचे नळ तिथेच, त्यांचे पैसे जेवणातच धरलेले. पहिल्या फेरीत ताट भरून घेणारा नवखा ओळखू येतो. मुरलेला उतारू आधी नुसती हेरिंग घेतो.

याच मार्गावरची, १९९० साली तुर्कूच्या गोदीत बांधलेली ‘सिल्या सेरेनेड’ २०३ मीटर लांब आहे. एवढ्या मोठ्या बोटीत मधल्या केबिनींना खिडकी मिळत नाही. इथे आराखडा करणाऱ्यांनी वरचा भाग मधोमध उभा चिरला आणि त्यात काचेच्या छताखाली दुकानं-कॅफेंची एक गल्लीच बसवली. आतल्या केबिनींच्या खिडक्या या गल्लीवर उघडतात. समुद्रावर येऊन चाळीच्या गॅलरीसारखं समोरच्याच्या खिडकीत बघायचं, हे मला काही रुचलेलं नाही. पण कल्पना चालली. १९९९ मध्ये तुर्कूतच बांधलेल्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ या प्रचंड क्रूझ जहाजातही अशीच गल्ली आली.

झगमगाटाच्या खाली मोटारी आणि ट्रक उभे असतात. काही बोटींवर सर्वांत स्वस्त केबिनी त्याच्याही खाली. वाहनांच्या मजल्यावर आडव्या भिंती नसतात, कारण ट्रकांना एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघायचं असतं. परातीत थोडं पाणी घेऊन चालून बघा: परात जरा कलली की सगळं पाणी तिकडेच धावतं आणि परात आणखी कलते. २८ सप्टेंबर १९९४ ला, मध्यरात्र उलटल्यावर, टालिनहून स्टॉकहोमला निघालेल्या ‘एस्टोनिया’चं हेच झालं. वादळी समुद्रात नाळेवरचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचं, झाकण निखळलं, पाणी वाहनांच्या मजल्यावर शिरलं आणि तासाभरात बोट बुडाली. ८५२ माणसं गेली. त्यानंतर उत्तर युरोपात नियम कडक झाले: या मजल्यावर पाणी साचलं तरी बोट तरंगती राहिली पाहिजे.

स्टॉकहोम यायच्या आधीचे काही तास बोट हजारो बेटांच्या दाटीतून वाट काढते. पाइनची झाडं, तांबडी लाकडी घरं, छोटे धक्के इतके जवळ, की घराच्या पायरीवर चहा पिणारा माणूस दिसावा. या वेळी डेकवर उभं राहायला हवं. पण डेक बराचसा मोकळाच असतो. बंदर यायच्या आधी दुकान बंद होतं, आणि रांग तिकडे लागलेली असते.