मोटारसायकलचे ट्यूनिंग : कंपनीचे की गॅरेजचे?

नवी मोटारसायकल घरी आली की पहिल्या दोन-तीन सर्व्हिसिंगनंतर मुलांच्या डोक्यात एक विचार हमखास येतो. सायलेन्सर बदलायचा, एअर फिल्टर बदलायचा आणि जमलेच तर इंजिनचे ‘रिमॅप’ करून घ्यायचे. वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वी-पुलगावात ही कामे करून देणारे हात आहेत. घरात वाद होतो तो बहुधा खर्चावरून. पण हा प्रश्न जितका मेकॅनिकचा आहे, तितकाच कानाचा, फुप्फुसाचा आणि रक्ताचाही आहे. म्हणून आज त्याविषयी.

आधी कंपनीचे ट्यूनिंग म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडे जास्त सोडावे लागते. ॲव्हरेज हवे असेल तर कमी. कंपनी यातला मध्यम मार्ग काढते. तीच गाडी लडाखच्या थंडीत आणि वर्ध्याच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात चालायची असते. त्यामुळे कंपनी थोडी ताकद हातची राखून ठेवते, हे खरे आहे. गॅरेजवाला ‘पिकअप वाढवून देतो’ म्हणतो तो याच राखीव ताकदीच्या भरवशावर.

पण त्या राखीव भागात आणखी एक गोष्ट असते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले. त्यानुसार मोटारसायकलच्या धुरात किलोमीटरमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड आणि ०.०६ ग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड चालत नाहीत. हे साधण्यासाठी धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्यावरून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. मात्र हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ च्या आसपास असेल तरच ही जाळी नीट काम करते. ते प्रमाण राखण्यासाठी नळीतला ऑक्सिजन सेन्सर इंजिनच्या छोट्या संगणकाला सतत खबर देत असतो.

बाहेरचा ‘फ्री फ्लो’ सायलेन्सर बसवताना अनेकदा हा कन्व्हर्टरच निघून जातो. रिमॅप करताना पेट्रोलचे प्रमाण वाढवले जाते, कधी सेन्सरची वायरही काढून ठेवतात. मग इंजिनला आपण किती पेट्रोल जाळतो आहोत याचा पत्ता राहत नाही. अशा गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मोकळ्या रस्त्यावर तो विरतो. पण शटर अर्धे ओढलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ट्यूनिंग करणारा मेकॅनिक आणि त्याच्या हाताखालचा पोरगा तोच वायू तासन्‌तास ओढत असतात. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची लक्षणे. ती पित्ताची किंवा उन्हाची समजली जातात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते आणि आकडा चांगला दिसतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

दुसरा भाग आवाजाचा. आपल्याकडे कंपनीतून निघणाऱ्या ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला ७७ आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. आतली जाळी काढलेला किंवा ‘इंदौरी’, ‘पंजाब’ नावाने मिळणारा सायलेन्सर जवळून शंभर डेसिबलच्या आसपास पोहोचू शकतो. वीस डेसिबलचा हा फरक किरकोळ वाटतो. पण दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे वीसला शंभरपट. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास कान साधारणपणे सोसू शकतो. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटे. हिंगणघाट ते वर्धा गाडीवर यायलाच तासभर लागतो.

कानाच्या आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. सुरुवात उंच स्वरांपासून होते. म्हणून तरुणाला पहिल्यांदा बहिरेपण जाणवत नाही. त्याला ‘स’, ‘श’, ‘त’ नीट कळत नाहीत, गर्दीत बोलणे समजत नाही आणि रात्री कानात शिट्टी वाजते. ही शिट्टी हमखास थांबवणारे औषध आज आमच्याकडे नाही.

शिवाय हे कान फक्त चालवणाऱ्याचे नसतात. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. मध्यरात्री रस्त्यावरून फटाके फोडत गेलेली एक बुलेट वॉर्डातल्या सगळ्यांना जागे करते. हृदयविकाराच्या रुग्णाची नाडी आणि रक्तदाब त्या क्षणी वाढतो. झोप रोज अशी मोडत राहिली तर रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

या सगळ्याच्या बदल्यात मिळते काय? शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत नुसता सायलेन्सर बदलून मिळणारी ताकद थोडी असते आणि तीही बहुधा इंजिन खूप फिरल्यावर. कमी वेगात, मागे कापसाचे गाठोडे किंवा घरची माणसे असताना ओढ उलट कमी होऊ शकते. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढेच. बंदिस्त ट्रॅकवर शर्यत खेळणाऱ्याचा हिशेब वेगळा. आपण मात्र शाळा सुटण्याच्या वेळी बजाज चौकातून जातो.

‘पीयूसी आहे ना’ हे उत्तर पुरत नाही. मोटारसायकलची ती तपासणी गाडी जागेवर, कमी फेऱ्यांवर चालू ठेवून होते आणि आवाज तर ती मोजतच नाही. कायदा स्पष्ट आहे. नियमबाह्य बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या गुन्ह्यात दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद, अशीही तरतूद आहे. नागपूर-पुण्यात जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतीलच.

गाडी मंदावली असेल तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात : धुळीने भरलेला एअर फिल्टर, जुना स्पार्क प्लग, सैल चेन, कमी हवेचे टायर, घासून चिकटलेला ब्रेक. एवढे नीट केले तरी हरवलेला पिकअप बऱ्याचदा परत येतो. जास्तच ताकद हवी असेल तर ती कंपनीतूनच घेऊन येणारी मोठी गाडी घ्यावी. सायलेन्सर आधीच बदलला असेल तर मूळचा परत बसवून घ्या. तो बहुतेकांच्या घरी माळ्यावर पडलेला असतो. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी शटर पूर्ण उघडे ठेवावे, धूर नळीने बाहेर सोडावा आणि कानात बोळे घालावेत. आणि कानात शिट्टी वाजू लागली असेल तर ती आपोआप जाईल म्हणून वाट पाहू नका. कानाची तपासणी करून घ्या. गेलेले ऐकणे परत आणता येत नाही, उरलेले मात्र राखता येते.