पहिला क्रमांक आणि पहिलें वर्ष

(नभोवाणीवरील भाषण)

कोणत्याहि क्षेत्रांत नवीन मनुष्य आला कीं त्याची बरोबरीच्यांशीं तुलना सुरू होते. ती टाळतां येत नाहीं, आणि टाळण्याचें कारणहि नाहीं. कारण तुलनेवांचून गुणदोष समजत नाहींत. परंतु तुलना करण्याचीहि एक रीत आहे, आणि ती न जाणतां केलेली तुलना ज्याच्याविषयीं केली जाते त्याला फार महाग पडते. ही गोष्ट आज मी अमेरिकेंतील बास्केटबॉल या खेळाच्या एका उदाहरणावरून आपल्यापुढें मांडणार आहें. हा खेळ आपल्याकडे अपरिचित नाहीं. मुंबईंत नागपाड्याची वस्ती तर त्यासाठीं प्रसिद्धच आहे. तरी ज्यांनीं तो कधीं पाहिला नसेल त्यांनाहि पुढील विवेचन समजावें, अशा बेतानें मी बोलेन.

अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉल संघांची नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, संक्षेपानें एन्. बी. ए., ही मुख्य संस्था होय. तिच्यांतील प्रत्येक संघ एका हंगामांत सामान्यतः ८२ सामने खेळतो. कॉलेजांतून किंवा परदेशांतून येणारे नवे खेळाडू कोणत्या संघांत जावयाचे हें ठरविण्यासाठीं दरवर्षीं जूनच्या सुमारास त्यांची वांटणी होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. संघ पाळीपाळीनें एकेक खेळाडू निवडतात, आणि गेल्या हंगामांत जो दुबळा ठरला त्याची पाळी साधारणपणें आधीं येते. हेतु हा कीं, बलवान् संघच अधिक बलवान् होत जाऊं नयेत. मात्र शेवटच्याला पहिली निवड हमखास मिळणार असें ठरलें, तर मुद्दाम हरण्याचा मोह होतो. म्हणून १९८५ पासून अगदीं वरच्या जागांसाठीं सोडत काढण्यांत येते.

२००३ सालची सोडत आपल्या विषयाला फार सोयीची आहे. त्या वर्षीं क्लीव्हलंड आणि डेन्व्हर या दोन संघांची स्थिति तंतोतंत सारखी होती. दोघांनींहि ८२ पैकीं अवघे १७ सामने जिंकले होते. सोडतीच्या यंत्रांत १ ते १४ आंकड्यांचे चेंडू टाकून त्यांतून चार बाहेर काढीत. चौदांतून चार निवडण्याचे प्रकार १००१ होतात. त्यांतला एक सोडून उरलेले १००० संघांमध्यें वांटलेले असत. क्लीव्हलंड व डेन्व्हर यांच्याकडे प्रत्येकीं २२५ होते. दैव क्लीव्हलंडला अनुकूल झालें. त्याला पहिली निवड मिळाली, आणि डेन्व्हर तिसऱ्या जागीं गेलें. दुसरी जागा मेंफिसच्या संघाची निघाली, पण ती त्याला भोगतां आली नाहीं. हा संघ पूर्वीं व्हँकूव्हरला असतांना, १९९७ सालीं, त्यानें डेट्रॉइटकडून ओटिस थॉर्प हा खेळाडू घेतला होता व मोबदल्यांत पुढील एक निवड देऊं केली होती. त्या देण्याची फेड नेमकी या वर्षीं झाली. अशा रीतीनें ५० सामने जिंकलेल्या, चांगल्या नांवाजलेल्या डेट्रॉइटच्या हातीं दुसरी निवड आली.

२६ जून २००३ रोजीं न्यूयॉर्क येथें निवड झाली. क्लीव्हलंडनें लेब्रॉन जेम्स याला घेतलें. हा जवळच्याच अ‍ॅक्रन गांवचा, १८ वर्षांचा, शाळेंतून थेट आलेला. डेट्रॉइटनें सर्बियाचा डार्को मिलिचिच घेतला. तोहि १८ वर्षांचाच. डेन्व्हरनें कार्मेलो अँथनी घेतला. १९ वर्षांचा हा तरुण एकच वर्ष कॉलेजांत खेळला होता, पण त्या एका वर्षांत त्यानें सिराक्यूज विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलें होतें. चौथा ख्रिस बॉश टोरांटोकडे गेला आणि पांचवा ड्वेन वेड मायामीकडे. वेडचें वय २१ होतें.

आतां वर्षअखेरचे आंकडे पाहूं. सामन्यामागें सरासरी गुण अँथनीचे २१.०, जेम्सचे २०.९, वेडचे १६.२, बॉशचे ११.५, आणि मिलिचिचचे अवघे १.४. नुसत्या या ओळीकडे पाहिलें तर अँथनी पहिला येतो, आणि मिलिचिच निवडणाऱ्यांनीं डोळे मिटून निवड केली असें वाटतें. बहुतेक चर्चा येथेंच थांबते. आपण मात्र येथून पुढें जावयाचें आहे.

गुण म्हणजे सर्व खेळ नव्हे. फेकलेला चेंडू चुकून कड्यावरून वा फळ्यावरून उसळला असतां तो पकडणें, याला रिबाउंड म्हणतात. आणि ज्या पासवरून सोबत्यानें लगेच गुण केले त्याला असिस्ट म्हणतात. जेम्सचे रिबाउंड सामन्यामागें ५.५ व असिस्ट ५.९ होते, अँथनीचे अनुक्रमें ६.१ व २.८. म्हणजे गुणांत दोघे समान असतां जेम्स सोबत्यांना दुपटीहून अधिक वेळां गुण मिळवून देत होता. पहिल्याच वर्षीं सरासरी २० गुण, ५ रिबाउंड व ५ असिस्ट हीं तिन्ही मापें गांठणारे खेळाडू त्याच्यापूर्वीं दोनच झाले होते: ऑस्कर रॉबर्टसन आणि मायकेल जॉर्डन. उलट, संघाचा चेंडू बहुतेक वेळ ज्याच्या हातीं असतो त्यालाच असिस्ट मिळण्याची संधि अधिक, हेंहि विसरतां कामा नये. अँथनीला ती कामगिरी दिलेलीच नव्हती. चेंडू घेऊन गुण करणें हें त्याचें काम होतें, आणि तें त्यानें केलें.

दुसरा प्रश्न वेळेचा. सामना ४८ मिनिटांचा असतो. जेम्स सरासरी ३९.५ मिनिटें मैदानांत होता, अँथनी ३६.५, वेड ३४.९, बॉश ३३.५, आणि मिलिचिच ४.७, तोहि ८२ पैकीं ३४ सामन्यांतच. आतां आपण शाळेंतलें त्रैराशिक मांडूं आणि प्रत्येकाला ३६ मिनिटें दिलीं असें समजूं. अँथनीचे गुण २१च्या जवळ राहतात, जेम्सचे १९ होतात, वेडचे १७च्या आंत-बाहेर, बॉशचे सुमारें १२. आणि मिलिचिचचे जवळजवळ ११. पाहा, जो मुलगा या पांचांत शोभतच नाहीं असें वाटत होतें, तो बॉशच्या हाकेच्या अंतरावर आला!

परंतु येथेंहि सावध राहिलें पाहिजे. त्रैराशिक दर कायम असेल तेथेंच लागू पडतें. मिलिचिचला जीं मिनिटें मिळालीं तीं पुष्कळदां निकाल ठरून गेल्यावरचीं, प्रतिपक्षाचे मुख्य खेळाडू बाकावर बसल्यानंतरचीं होतीं. तेथला दर खऱ्या चुरशींत टिकला असता असें म्हणतां येत नाहीं. टिकला नसता असेंहि म्हणतां येत नाहीं. त्या वर्षीं त्याची परीक्षाच झाली नाहीं, एवढेंच निश्चित. परीक्षेला न बसलेल्या आणि नापास झालेल्या मुलांत जो भेद आपण शाळेंत करतों, तोच येथें करावयास हवा होता.

तिसरें माप नेमबाजीचें. शंभर प्रयत्नांपैकीं जेम्सचे सुमारें ४२ यशस्वी झाले, अँथनीचे ४३, आणि वेड व बॉश यांचे ४६च्या आसपास. या मापानें पहिल्या क्रमांकाचा खेळाडू चौघांत शेवटचा ठरतो. पण बॉश उंच, कड्याजवळ खेळणारा. त्याचे प्रयत्न मुळांतच सोपे. जेम्सवर मात्र प्रतिपक्षाची सारी नजर खिळलेली असे, आणि संघांतील इतर मार्ग खुंटले म्हणजे अवघड फेक त्याच्याच वांट्याला येई. अपयशाचा आंकडा मोजतांना तें काम कोणी अंगावर घेतलें होतें, हेंहि मोजावें लागतें.

चवथें माप संघाच्या यशाचें. आणि हें सर्वांत फसवें आहे. डेन्व्हर १७ विजयांवरून ४३वर गेलें, क्लीव्हलंड १७वरून ३५वर. आरंभ सारखा असल्यामुळें पुष्कळांनीं म्हटलें कीं, अँथनीनें २६ सामने वाढविले, जेम्सनें १८, तेव्हां अँथनीच श्रेष्ठ. पण डेन्व्हरमध्यें त्या वर्षीं एकटा अँथनी नवा नव्हता. आंद्रे मिलर हा अनुभवी खेळाडू त्याच वेळीं आला होता, आणि आदल्या वर्षीं दुखापतींमुळें बराच काळ बाहेर असलेला मार्कस कँबी पुन्हां उभा राहिला होता. शिवाय डेन्व्हर पश्चिम विभागांत खेळे, क्लीव्हलंड पूर्व विभागांत. आणि प्रत्येक विभागांतून आठ संघ अंतिम फेऱ्यांना जात. ४३ विजय मिळवून डेन्व्हर पश्चिमेंत जेमतेम आठवें आलें. ४२ विजय मिळवून वेडचा मायामी संघ पूर्वेंत चौथा आला. क्लीव्हलंडची आठवी जागा एका विजयानें हुकली. सारख्याच गुणांना एका वर्गांत चौथा क्रमांक आणि दुसऱ्यांत आठवा, असा हा प्रकार आहे.

अध्यापन करीत असतांना मला एक गोष्ट नेहमीं दिसे. इयत्तेंत नवीन आलेल्या मुलांची पहिल्या चाचणींत जी ओळ लागे, ती मुलांच्या बुद्धीपेक्षां त्यांच्या पूर्वींच्या शाळेची व घरच्या परिस्थितीची अधिक असे. ओळ खोटी नसे. पण ती कशाची ओळ आहे हें ओळखावें लागे.

वर्षाच्या शेवटीं उत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरविण्यासाठीं ११८ जणांनीं मतें दिलीं. त्यांपैकीं ७८ जणांनीं जेम्सला पहिली पसंती दिली, ४० जणांनीं अँथनीला. मान जेम्सला मिळाला. माझ्या मतेंहि हा निर्णय योग्य होता, कारण गुण, पास आणि जबाबदारी हीं तिन्ही एकत्र घेतलीं असतां त्याचें पारडें जड होतें. पण तिघांपैकीं एकानें वेगळें मत द्यावें इतका तो निवाडा अटीतटीचा होता, हें आज पुष्कळांना आठवत नाहीं. पुढें काय झालें हें ठाऊक असलें म्हणजे मागचें सर्व सोपें दिसूं लागतें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. जेम्सनें २०१२, २०१३, २०१६ व २०२० सालीं विजेतेपदें मिळविलीं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें करीम अब्दुल-जब्बार याला मागें टाकून सर्वाधिक गुणांचा विक्रम केला. पांचवा आलेला वेड २००६ सालींच मायामीला विजेता करून अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१२ व २०१३ सालचीं विजेतेपदें तर जेम्स, वेड आणि बॉश यांनीं एकाच संघांतून मिळविलीं. अँथनीला एन्. बी. ए.चें विजेतेपद कधींच लाभलें नाहीं. मात्र ऑलिंपिकचीं तीन सुवर्णपदकें त्यानें मिळविलीं. बॉश, वेड आणि अँथनी हे तिघेहि पुढें स्प्रिंगफील्ड येथील सन्मानमंदिरांत विराजमान झाले.

राहिला मिलिचिच. ज्या वर्षीं तो बाकावर बसला त्याच वर्षीं, २००४ सालीं, डेट्रॉइटनें विजेतेपद पटकाविलें. मुरलेल्या खेळाडूंनीं भरलेल्या त्या संघाला नवशिक्याची गरजच नव्हती. दुबळ्या संघांत त्याला रोज चुका करून शिकतां आलें असतें. बलवान् संघांत चूक करण्यापुरतीहि जागा मिळाली नाहीं. २००६ सालीं डेट्रॉइटनें त्याला सोडलें. पुढें २०१०-११ च्या हंगामांत मिनेसोटा संघांत नियमित जागा मिळाली तेव्हां त्यानें सरासरी ८.८ गुण केले. हा कांहीं दिग्विजय नव्हे, पण एका उपयुक्त खेळाडूचें तें काम होतें. दहाव्या-बाराव्या क्रमांकानें आला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. तो दुसरा आला आणि त्याच्या मागून अँथनी, बॉश, वेड आले, म्हणून जन्मभर त्याचें नांव फसलेल्या निवडीचें उदाहरण म्हणून घेतलें गेलें. क्रमांक त्यानें मागितला नव्हता; तो दुसऱ्यांनीं त्याच्या कपाळीं लिहिला होता.

सर्व दोष परिस्थितीचा, असेंहि मात्र मी म्हणत नाहीं. त्याच हंगामांत मायामीकडे उडोनिस हॅस्लेम नांवाचा दुसरा एक नवोदित होता. आदल्या वर्षीं, २००२ च्या ड्राफ्टमध्यें, त्याला कोणींच निवडलें नव्हतें. वर्षभर फ्रान्समध्यें खेळून तो परत आला होता. तो मायामीकडेच वीस हंगाम राहिला आणि तीन विजेतेपदांचा वांटेकरी झाला. अंगची चिकाटी कोणत्याहि तक्त्यांत आधीं लिहिलेली नसते.

तात्पर्य हें कीं, निवडीचा क्रमांक हें निवडणाऱ्यांच्या आशेचें माप आहे, आणि पहिल्या वर्षाचे आंकडे हें बव्हंशीं मिळालेल्या जागेचें माप आहे. दोन नवोदितांना शेजारीं उभें करण्यापूर्वीं विचारावें: दोघांना वेळ सारखा मिळाला काय? काम एकच दिलें होतें काय? सोबती आणि प्रतिपक्षी तोलाचे होते काय? वय व तयारी समान होती काय? या प्रश्नांचीं उत्तरें घेऊन मग आंकडे वाचले म्हणजे ते खरें बोलूं लागतात. निकालाच्या दिवसांत घरोघरीं चुलत-मावस भावंडांचे गुण शेजारीं शेजारीं मांडले जातात. त्या वेळीं हे चार प्रश्न आठवले तर एखाद्या मुलाच्या कपाळींचा क्रमांक थोडा हलका होईल. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.