‘आपलें मत’ इंग्रजींत कसें खोडावें?

‘तुझें मत’, ‘तुमचें मत’, ‘आपलें मत’ असा आदराचा चढता क्रम मराठींत आहे. इंग्रजींत तिहींसाठीं एकच ‘युअर’. म्हणून ‘युअर ओपिनियन इज राँग’ हें वाक्य व्याकरणशुद्ध असूनही वरिष्ठांच्या जिव्हारीं लागतें. सर्वनामांत न मावणारा आदर इंग्रजींत वाक्यरचनेनें दाखवावा लागतो. दुसऱ्याच्या मताला दोष न देतां मतभेद आपल्या बाजूनें सांगावा : ‘आय ॲम अफ्रेड माय ओपिनियन डिफर्स फ्रॉम युअर्स.’ येथें ‘अफ्रेड’ म्हणजे भीति नव्हे, दिलगिरी. आणि पुढें नाम नसल्यानें ‘युअर’चें ‘युअर्स’ झालें. नकारही ‘थिंक’च्या आधीं घातला म्हणजे सौम्य होतो : ‘आय डोन्ट थिंक इट इज राइट.’ मत तेंच राहतें. माणूस मात्र दुरावत नाहीं.