खोकला दाबावा, पण कोणता?

गैरसमज: खोकल्याचं कुठलंही सिरप कुठल्याही खोकल्याला चालतं.

मेडिकलमध्ये नुसतं ‘खोकल्याचं औषध द्या’ म्हटलं, तर हातात काय पडेल याचा नेम नाही. कोरडी ढास दाबणाऱ्या सिरपमध्ये बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. ते घशावर नव्हे, मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं. कफ सुटावा म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधात ॲम्ब्रॉक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन असतं. छाती कफाने भरलेली असताना ढास दाबणारं औषध घेतलं, तर बेडका बाहेर टाकणारा खोकलाच गप्प होतो आणि कफ आत साचतो. म्हणून बाटलीवरचं ठळक नाव सोडा, खालचा बारीक मजकूर वाचा.

गैरसमज: मोठ्यांच्या औषधाचा अर्धा चमचा लहानांना पुरतो.

हा सगळ्यांत घातक. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात सिरप घेतलेली लहान मुलं दगावली. त्यांतल्या काहींवर नागपूरला उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विष सापडलं. दोष त्या विषाचा होता, खोकला दाबणाऱ्या घटकाचा नव्हे. पण त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. मुलांचा असा खोकला बहुतेक वेळा आपोआप जातो. वर्ष उलटलेल्या मुलाला झोपताना थोडा मध चालतो. त्याआधी मधही नको.

गैरसमज: ढास थांबेना, तर आणखी एक झाकण घ्यावं.

प्रौढांसाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनची कमाल मर्यादा २४ तासांत १२० मिलिग्रॅम. त्यापुढे गेलं की गरगरतं, छाती धडधडते, भासही होतात. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांबरोबर ते धोकादायक ठरू शकतं, तेव्हा चालू असलेली औषधं डॉक्टरांना आधी सांगा. सोबत क्लोरफेनिरामिन असेल तर झोप येते. गाडी चालवू नका, दारू तर नकोच. माप बाटलीसोबतच्या झाकणानेच घ्या, घरातले चमचे एका मापाचे नसतात.

गैरसमज: खोकला दबला म्हणजे बरा झाला.

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला क्षयासाठी थुंकीची तपासणी हवी. दमा, ॲसिडिटी यांनीही ढास लागते. रक्तदाबावरच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला होतो. त्यावर सिरपच्या बाटल्या संपतात, खोकला संपत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की काही आठवड्यांत तो जातो. ती स्वतःहून मात्र बंद करू नका.