वाखरीच्या पुढे

पंढरपूर अवघं सात-आठ किलोमीटरवर उरतं आणि वारी थांबते. आषाढ शुद्ध नवमीला बाजीरावाच्या विहिरीजवळचं रिंगण आटोपून आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी वाखरीच्या तळावर येते. देहूहून तुकोबा, सासवडहून सोपानकाका, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताई, पैठणहून नाथ महाराज, असे सगळे आपापल्या वाटेनं येऊन इथंच गोळा होतात. मनात आणलं तर दोन तासांत देवळापाशी जाता येईल. हौशे-गवशे जातातही. दिंडीतला माणूस मात्र राहुटीत पाठ टेकतो, धोतर पिळून दोरीवर टाकतो आणि पाय मांडीवर घेऊन तळवा न्याहाळत बसतो.

वारीच्या सुरुवातीबद्दल खूप लिहून झालंय. प्रस्थान, दिवे घाट, रिंगणात धावणारा माउलींचा अश्व यांचे फोटो दरवर्षी छापून येतात. एकादशीला पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा झाली की बातमीदारांच्या गाड्या परत फिरतात आणि वाचणाऱ्याच्या लेखी वारी संपते. मला कुतूहल होतं ते त्यानंतरचं. रोज एका गावाहून उठून दुसऱ्या गावी मांडलं जाणारं एवढं मोठं गाव शेवटी मोडतं कसं? दिंडीबरोबर राहिल्यावर दिसलं की संपवणं हे इथं वेगळं काम आहे. त्याला दिवस लागतात, रीत लागते, आणि चालण्याइतकीच चिकाटी लागते.

वाखरीच्या तळावर पायांचा बाजार भरलेला असतो. फोड फोडायचा नाही, सुईनं दोरा ओवून आरपार न्यायचा आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी निथळत राहतं, हा इथला सार्वत्रिक इलाज. तळावरचे डॉक्टर त्यावर वैतागतात आणि निमूटपणे मलमपट्टी करतात. एक चर्मकार दादा चपलांचे अंगठे फुकट शिवून देत बसले होते. समोर ढीग. ‘आता एकच दिवस राहिला, कशाला शिवता?’ असं मी विचारलं, तर ज्यांची चप्पल होती त्या परभणीकडच्या मावशी म्हणाल्या, ‘माघारी काय देव पाठुंगळी घेऊन जाणाराय व्हय?’ परतीचा विचार इतक्या रोखठोकपणे करणारं माणूस मला तिथंच पहिल्यांदा भेटलं.

संध्याकाळी समाजआरती. दिंड्या वर्तुळात उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो आणि चोपदार दंड उंच करतात. आवाज कापल्यासारखा थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढी एक दिंडी टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन विचारपूस करतात. बाकी हजारो माणसं तोवर गप्प. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ सांगितली जाते. तक्रार नोंदवण्याची इतकी नेमकी आणि गोंगाटाची पद्धत मी कुठल्याही कचेरीत पाहिलेली नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला जी लष्करी शिस्त लावली, ती आजही दंडाच्या टोकाशी टिकून आहे.

दशमीला दुपारनंतर पालख्या निघतात. आधी पंढरपुरातून नामदेवांची पालखी सामोरी येते, मग एकेक संत पुढे सरकतात, माउली सगळ्यांत शेवटी. सात-आठ किलोमीटरांना रात्र होते. इसबावीपाशी रथातल्या पादुका अंकलीच्या शितोळे सरदारांच्या गळ्यात दिल्या जातात आणि तिथून माउली माणसाच्या अंगावरून, पायी, गावात शिरतात. या टप्प्यात चाल जवळपास उरतच नाही. एक पाऊल, मग थांबणं, मग अर्धं पाऊल. रोज वीस-पंचवीस किलोमीटर तोडणाऱ्या पायांना हे अर्धं पाऊल जास्त दमवतं. कळस दिसला की मात्र रांगेतून एक हुंदका पुढे पुढे जातो. माझ्या शेजारचे विणेकरी बाबा वीणा छातीशी धरून दोन्ही डोळ्यांनी वाहत होते, पण बोटं तारेवरच. वीणा खाली ठेवायची नसते. पुसायला हात मोकळा नसल्यामुळे मागच्या टाळकऱ्यानं आपल्या उपरण्यानं त्यांचा चेहरा पुसला आणि पुन्हा टाळ धरला.

आणि मग दर्शन? इथं बाहेरच्या माणसाला धक्का बसतो. पदस्पर्श दर्शनाची रांग देवळापासून निघून गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, तिथंही मावत नाही. एकादशीच्या आसपास त्या रांगेत अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ जातो. विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला मिळतं ते क्षणभर, मान वर करायच्या आत कुणाचा तरी हात ‘चला माउली, चला’ म्हणत तुम्हाला पुढे ढकलतो. कित्येक वारकरी त्या वाटेला जातच नाहीत. चंद्रभागेत बुडी मारायची, नामदेव पायरीपाशी माथा टेकायचा, कळसाला हात जोडायचे, प्रदक्षिणा रस्त्यानं दिंडीबरोबर नगरप्रदक्षिणा करायची, की वारी पावली. आठ-दहा तास मुखदर्शनाच्या ओळीत धडपडणारे आम्ही शहरी लोकच. ज्याच्यासाठी चालत आलो त्याला न भेटता समाधानी राहणं मला आधी समजलं नाही. नंतर वाटलं, चालणं हे दर्शनाचं साधन नसावंच. देवाच्या दाराशी दिंडी आली, हजेरी लागली, एवढ्यावर यांचा हिशेब पुरा होतो.

देवाचीही या दिवसांत ओढाताण असते. गर्दीसाठी शेजघरातला पलंग काढून ठेवतात आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, तेव्हा देवाला न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग परत येतो. मला ही कल्पना फार आवडते. भक्ताचे पाय सुजलेत, तर उभा राहून राहून देवाचे का सुजू नयेत?

दिंडीची मोडणी द्वादशीपासून दिसू लागते. सकाळी बारस सोडायची. उपासाला उतारा म्हणून पंगतीत भात, आमटी आणि गोडाचं काहीतरी. भांडी घासून झाली की आचारी मोठी पातेली ट्रकच्या तळाशी उपडी घालतात, कारण ती आता लागणार नाहीत. व्यवस्थापक वही काढतात. प्रत्येकानं सुरुवातीला भिशी भरलेली असते. त्यातून किराणा, गॅस, टँकर, ट्रकभाडं, तंबूवाला असं सगळं वजा करत जायचं. आमच्या दिंडीत हिशेब उघड्यावर वाचला गेला. साखर जास्त लागली यावर पाच मिनिटं वाद झाला, चहाच्या फेऱ्यांवरून चेष्टा झाली, आणि कमी पडलेली रक्कम एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कनवटीची पुरचुंडी सोडून भरली. त्यांना कुणी थांबवलं नाही. थांबवणं अपमानाचं झालं असतं.

दुपारी बाजार. चिरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, लेकी-सुनांसाठी बांगड्या. ओझं वाढू नये म्हणून येताना ज्यांनी एक जादा लुगडं घेतलं नव्हतं, त्या बाया चार-चार किलो चिरमुरे बांधतात, कारण गावात प्रत्येक घरी मूठभर तरी पोचले पाहिजेत. जे आले नाहीत त्यांची वारी या मुठीतून पोचते. बहुतेक माणसं इथून एसटीनं नाहीतर दिंडीच्या ट्रकनं गावाकडे जातात. पेरण्या आटोपून आलेली असतात, आता कोळपणी वाट बघत असते. बसस्थानकावर निरोपाला कुणी गळ्यात पडत नाही. एकमेकांच्या पाया पडतात, लहान थोराच्या आणि थोर लहानाच्याही, आणि खिडकीतून ‘कार्तिकीला?’ एवढंच विचारतात.

उरलेले थोडे पौर्णिमेपर्यंत राहतात. गोपाळपूरला काला होतो. लाह्या आणि दही एकत्र कालवून कोण कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा हे न विचारता एकमेकांच्या तोंडात भरवायचं. पादुका विठ्ठलाच्या भेटीला देवळात जातात आणि त्याच दिवशी पालखी आळंदीकडे तोंड करते.

परतवारी मी नातेपुत्यापर्यंतच चाललो. येताना ज्या अंतराला दोन मुक्काम लागले ते आता एका दिवसात तोडायचं, म्हणून उजाडायच्या आत निघायचं. वाखरी, वेळापूर, नातेपुते, फलटण, पाडेगाव, वाल्हे, सासवड, हडपसर, पुणे, आळंदी. जेजुरीला मुक्काम नाही, रिंगण नाही, रस्त्याच्या कडेला केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटणारे मांडव नाहीत. येताना ज्या वेळापुरात पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं आता पालखीसमोर शाळेतली पोरं आणि चार म्हाताऱ्या. ट्रकवाले हॉर्न वाजवतात. पण अभंगांचा क्रम तोच, भजन तेच, दंड उंच झाला की शांतता तीच. २०२० साली करोनामुळे पादुका एसटीतून पंढरीला गेल्या, तेव्हाही ‘माघारी आल्याशिवाय वारी नाही’ असं म्हणणारी माणसं हीच असणार, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

वद्य दशमीला पालखी आळंदीत येते. मी त्या दिवशी पुण्याहून मुद्दाम गेलो. गर्दी बेताची, पाऊस बऱ्यापैकी. इथं एक काम शिल्लक असतं, ज्यासाठी टीव्हीचा एकही कॅमेरा येत नाही. दुसऱ्या दिवशी, एकादशीला, हजेरी मारुतीच्या देवळापाशी दिंड्यांची हजेरी घेतात. जे शेवटपर्यंत चालत आले त्यांची दिंडी पुकारली जाते आणि नारळाचा प्रसाद मिळतो. परभणीच्या मावशी गर्दीत दिसल्या. चपलेचा अंगठा पुन्हा तुटला होता, सुतळीनं बांधला होता. नारळ पिशवीत टाकून त्या लगेच एसटीची वेळ विचारायला लागल्या. कोळपणीला त्यांना आणखी उशीर चालण्यासारखा नव्हता.