पोर्शे जर्मनीची, कारखाना फिनलंडचा. आणि ऑडी आपल्या शेजारची!

मागच्या महिन्यात वर्गात एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर ऑडीची चार कडी काढली होती. आम्ही विचारलं, "ही गाडी कुठे बनते?" सगळा वर्ग ओरडला, "जर्मनीत!" शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझे भाईजान शेंद्र्याला ऑडीच जोडतात." पोरं हसली. पण बरोबर तीच होती.

बीडपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर, औरंगाबादच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना आहे. तिथे २००१ पासून गाड्या बनतात. स्कोडा आणि ऑडी दोन्ही फोक्सवॅगन गटाच्या कंपन्या. म्हणून २००७ पासून ऑडीही त्याच छताखाली जोडली जाऊ लागली. सुटे भाग पेट्यांतून येतात, जोडणी आणि तपासणी इथे होते. तयार गाडी परदेशातून आणली तर आयात कर खूप जास्त लागतो, सुट्या भागांवर कमी. सगळा हिशोब हाच!

नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

ही पद्धत जुनी आहे. पोर्शेची ९२४ ही स्पोर्ट्स कार १९७६ मध्ये बाजारात आली, ती बनायची ऑडीच्या नेकारसुल्म इथल्या कारखान्यात. पुढे पोर्शेच्या बॉक्सस्टर गाडीला इतकी मागणी आली की स्वतःचा कारखाना अपुरा पडला. मग १९९७ पासून २०११ पर्यंत फिनलंडच्या व्हाल्मेट कंपनीने पोर्शेसाठी दोन लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. गाडीवर शिक्का पोर्शेचाच. फरक फक्त चेसी नंबरात: अकराव्या जागी 'यू' असेल तर गाडी फिनलंडची, 'एस' असेल तर स्टुटगार्टची.

आपल्या महाराष्ट्रातही हेच झालं. मर्सिडीज भारतात आली तेव्हा १९९५ मध्ये तिच्या गाड्या पुण्यात टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या आवारात जोडल्या जात. स्वतःचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये उभा राहिला. तिथेच २०२० मध्ये मर्सिडीजच्या वेगवान एएमजी मालिकेतली पहिली भारतात जोडलेली गाडी तयार झाली.

काम जातं, हुनर राहतो

दुसऱ्याचं काम घेणाऱ्या कारखान्याला एक धोका कायम असतो: ऑर्डर संपली की काम संपलं. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक गावची कारमान कंपनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या गाड्या बनवायची. ऑर्डरी आटल्या आणि २००९ मध्ये तिचं दिवाळं निघालं. बऱ्याच कामगारांची रोजी गेली. पण कसबी हात त्याच गावात होते. फोक्सवॅगनने तो कारखाना घेतला आणि २०१२ मध्ये तिथेही बॉक्सस्टर बनू लागली.

आपल्या पालकांना आम्ही हे का सांगतोय? आपल्या जिल्ह्यातली पोरं ऊसतोडीला जातात, नाहीतर वाळूज, शेंद्रा, चाकणला ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून. ठेका संपला की घरी. हातात ना कागद, ना कसब. दहावीनंतर आयटीआयचा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असा ट्रेड किंवा डिप्लोमा केला तर एक कंपनी सुटली तरी दुसरीकडे दार उघडतं. मुलींनाही पाठवा, जोडणीच्या लाईनवर त्याही काम करतात. आणि कामाला लागताना नियुक्तीपत्र, पगाराची स्लिप आणि पीएफचा नंबर मागून घ्या. मागायला लाजू नका, तो हक्क आहे.

आज घरी एक करा. मोटारसायकलचं आरसी काढा आणि मुलांना चेसी नंबर वाचायला सांगा. पहिली दोन अक्षरं 'एमए' ते 'एमई' यांपैकी असतील तर गाडी भारतात बनलेली. मग त्यांना विचारा, ही कोणाच्या हातांनी जोडली असेल?