रेणूंची कंपने दाखविणारी मोफत संगणक प्रणाली

कार्बन डायऑक्साइडचा रेणू चार प्रकारे कंप पावतो. त्यांपैकी वाकण्याची दोन कंपने सुमारे १५ मायक्रोमीटर तरंगलांबीची अवरक्त उष्णता शोषतात. हरितगृह परिणामातील या वायूचा वाटा मुख्यतः त्यांमुळेच आहे. दोन्ही ऑक्सिजन अणू एकाच वेळी कार्बनपासून दूर जाऊन परततात, ते कंपन मात्र ही उष्णता शोषत नाही, कारण त्यात विद्युतभाराचा समतोल ढळत नाही. फळ्यावर हा फरक दाखविणे अवघडच.

'जेमोल' ही मोफत, खुली प्रणाली तो पडद्यावर हलता दाखवते. कंपनांचे गणित ती करीत नाही. 'गेमेस'सारख्या प्रणालीची उत्तरे ती वाचते. छापील चित्रात हालचाल दिसत नाही, म्हणून प्रत्येक अणूवर बाण काढता येतो. वाकण्याच्या कंपनात दोन्ही ऑक्सिजनचे बाण एका दिशेला, तर कार्बनचा बाण विरुद्ध दिशेला असतो.